हादरलेल्या लेकराला सावरताना: दोन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज काय करायचं

चार वर्षांचं मूल. सहा महिने रात्री कोरडं असायचं, आता पुन्हा अंथरूण ओलं करतंय. बाथरूमपर्यंतही एकटं जात नाही. दार जरा जोरात आपटलं की कानांवर हात ठेवून कोपरा गाठतं. घरात मध्यंतरी काहीतरी घडून गेलेलं असतं: कोणाचा मृत्यू, आईबाबांचं वेगळं होणं, मारहाण, व्यसन, लांबलेलं आजारपण, आग किंवा पूर, राहतं घर सुटणं. अशा वेळी मोठ्यांच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, ‘लहान आहे, विसरून जाईल.’ दुसरं, ‘आता याचं काही खरं नाही.’ दोन्ही चूक, आणि दोन्हींचा परिणाम एकच. कोणी काही करत नाही.

पहिल्या तीन वर्षांतल्या गोष्टी मूल पुढे शब्दांत सांगू शकत नाही, हे खरं. पण भीती शब्दांवाचूनही साठते. एखादा वास, चढलेला आवाज, जिन्यावरची जड पावलं यांच्याशी ती जोडली जाते आणि कारण ठाऊक नसतानाही मूल दचकतं. म्हणून ‘विसरून जाईल’ यावर विसंबू नये.

दुसऱ्या वाक्यासाठी ताणाचे तीन प्रकार समजून घ्यावे लागतात. लसीची सुई, बालवाडीचा पहिला दिवस, हरलेला खेळ हा ताण मुलाला घडवतो. घरातलं माणूस जाणं किंवा अपघात हा मोठा ताण, पण जवळ आधाराचं माणूस असलं तर शरीर पूर्वपदावर येतं. घातक ठरतो तो तिसरा: तीव्र, वारंवार किंवा लांबत गेलेला, आणि त्यात मुलाच्या सोबतीला कोणीच नाही असा. हृदयाचे ठोके, कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरकं, अंगातला सावधपणा सगळं वर चढतं आणि खाली उतरायला फुरसतच मिळत नाही. म्हणजे प्रश्न घटना किती मोठी होती एवढाच नसतो. शेजारी कोण होतं, हाही असतो. घडलेलं बदलता येत नाही, शेजारचं माणूस मात्र होता येतं. खालचं सगळं त्याबद्दल आहे.

१९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी बालपणातले आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध मांडला. दोन फेऱ्यांत मिळून १७ हजारांहून अधिक प्रौढांकडून माहिती घेतली होती. आघातांचे प्रकार जितके जास्त, तितकं हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनाचं प्रमाण जास्त, असं दिसलं. त्यातून निघालेली दहा प्रश्नांची यादी हल्ली मोबाइलवर फिरते आणि पालक आपल्या मुलाचे ‘गुण’ मोजत बसतात. तसं करू नका. ते आकडे मोठ्या समूहाबद्दल बोलतात, तुमच्या घरातल्या एका मुलाचं भविष्य सांगत नाहीत. घटनेनंतर मुलाला कोणी सावरलं का, याचा हिशेबही त्या बेरजेत होत नाही.

हा हिशेब दुसऱ्या एका अभ्यासात सापडतो. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी त्यांच्या प्रौढ वयापर्यंत ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, कामाची, माया करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे किमान एक टिकून राहिलेलं मोठं माणूस. ते आई किंवा बाबाच असायचे असं नाही. आजी, थोरलं भावंड, शेजारी, शिक्षिका कोणीही.

आधी धोका थांबवा

हे वगळून पुढची कुठलीही युक्ती चालत नाही. घरात मारहाण चालूच असेल, ज्याच्यापासून त्रास झाला तो माणूस अजून येत-जात असेल, तर मुलाचा सावधपणा हा आजार नसून शहाणपणा आहे. तो घालवायला जाऊ नका. आधी मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्याला सुरक्षित जागी न्या, बालसंरक्षण यंत्रणेची किंवा पोलिसांची मदत घ्या. श्वासाचे व्यायाम नंतर.

लक्षणं कशी ओळखायची

दोन वर्षांच्या आतलं मूल झोप आणि खाण्यातून बोलतं. सारखं उठतं, कडेवरून उतरत नाही, किंवा उलट, कोणीही उचललं तरी चालतं. दोन ते चारच्या दरम्यान आलेली कौशल्यं मागे जातात. कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करतं, बोलणारं बोबडं होतं, अंगठा तोंडात परत येतो. चारच्या पुढे चावणं, ढकलणं, पोटदुखी, ‘मी वाईट आहे’ असली वाक्यं आणि एकच खेळ परत परत.

सगळ्यात जास्त निसटतं ते शांत मूल. मोठं काही घडून गेल्यावर जे मूल रडत नाही, हट्ट करत नाही, सांगितलेलं लगेच ऐकतं, त्याचं कौतुक होतं: किती समजूतदार! तीन वर्षांच्या मुलात असा समजूतदारपणा वयाला धरून नाही. लढता येत नाही, पळता येत नाही, तेव्हा लहान जीव गोठतो, आणि गोठलेलं मूल बाहेरून शहाणं दिसतं. त्याच्या खेळाकडे पाहा. खेळ थांबला असेल, चेहरा कोरा असेल, पडल्यावर लागलं तरी ते कोणाकडे धावत येत नसेल, तर त्याला रडणाऱ्या मुलाइतकीच गरज आहे.

सगळं मनाचंच धरून बसू नका, हेही इथेच सांगायला हवं. पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं बद्धकोष्ठतेमुळे किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानेही होतं. हाक मारून लक्ष न देणाऱ्या मुलाच्या कानात पाणी साठलेलं निघतं. चिडचिडीमागे रक्तातलं लोह कमी असणं किंवा घोरण्यामुळे तुटणारी झोप असू शकते. बालरोगतज्ज्ञांकडून एकदा हे तपासून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते न केल्यामुळे महिनोन्महिने भलत्याच वाटेने गेलेली घरं कमी नाहीत.

दिवसाला चार खुंट्या

हादरलेल्या मुलाला पुढे काय होणार हे कळण्याची भूक असते. त्यासाठी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक नको. ते पहिल्याच आठवड्यात मोडतं आणि घरात आणखी एक भांडण उभं राहतं. चार ठिकाणं पक्की करा: सकाळी उठल्यावरची पहिली दहा मिनिटं, घराबाहेर पडणं, परत भेटणं आणि झोपणं. या चार वेळी काय होतं, कुठल्या क्रमाने होतं आणि कोण करतं, हे रोज तेच. मधला वेळ मोकळा.

झोपण्याचा क्रम तीस ते चाळीस मिनिटांत बसवा. हातपाय धुणं, कपडे बदलणं, एक पुस्तक किंवा गोष्ट, दिवा मंद, एक ठरलेलं वाक्य. वाक्य छोटं आणि रोज अगदी तेच असावं: ‘मी शेजारच्या खोलीत आहे, सकाळी मीच उठवणार.’ खरं असेल तेवढंच बोला. सकाळी तुम्ही नसणार असाल तर जो असेल त्याचं नाव घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, दुपारच्या डुलकीसह. ताणाखालच्या मुलाची झोप आधी बिघडते आणि अपुऱ्या झोपेने ताण वाढतो. म्हणून कुठून सुरुवात करायची असं कोणी विचारलं, तर उत्तर झोप.

‘पाच मिनिटांत निघायचंय’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला काही सांगत नाही. मिनिट त्याला दिसत नाही. ‘हे तीन ठोकळे लावून झाले की चपला’, हे दिसतं. चार-पाच साध्या चित्रांची पट्टी (उठणं, दात, कपडे, चपला, दार) दाराशी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. चित्रं वाईट काढलीत तरी चालतं. झालेल्या चित्रावर मुलालाच झाकण किंवा चिमटा लावू द्या. बदल होणार असेल तर आदल्या संध्याकाळी पट्टीतलं एक चित्र त्याच्यादेखत बदला. अचानक बदललेली साधी गोष्टही या मुलांना मोठ्या संकटाची चाहूल वाटते.

रोजची दहा मिनिटं

एकच गोष्ट करायला जमणार असेल, तर ही करा. दिवसातून दहा मिनिटं, एक मोठं माणूस, एक मूल, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जमिनीवर बसा. ठोकळे, खडू-कागद, माती, भातुकली, प्राणी, गाड्या यांतलं दोन-तीन प्रकारचं सामान मांडा. नियमांचे आणि हारजितीचे खेळ नकोत, पडदा नको, तलवार-बंदूकही या दहा मिनिटांपुरती बाजूला. मग मूल जे करेल त्याच्या मागे जा.

ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड आहे, कारण मोठ्या माणसाला तीन सवयी असतात: विचारणं, शिकवणं आणि हुकूम सोडणं. या दहा मिनिटांत तिन्ही बंद. ‘हा रंग कोणता?’ नाही. ‘असं नाही, हे इथे लाव’ नाही. त्याऐवजी दिसतंय ते बोला, क्रिकेटचं समालोचन करतात तसं, पण हळू. ‘लाल गाडी पुलाखाली गेली. आता थांबली. तू तिच्यावर अजून एक ठोकळा ठेवलास.’ मूल काही म्हणालं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. मूल म्हणतं, ‘गाडी पडली.’ तुम्ही, ‘गाडी धाडकन पडली, सगळी चाकं वर!’ शाबासकी द्यायची तर नेमकी: ‘पडलेला बुरूज तू परत उभा केलास.’ ‘गुड बॉय’ने काहीच कळत नाही.

पहिले तीन-चार दिवस मूल गोंधळतं. सारखं तुमच्याकडे बघतं, ‘मी काय करू?’ विचारतं, किंवा मुद्दाम सामान फेकतं. फेकलं तर क्षणभर नजर खेळण्यांकडे वळवा, खेळत राहा, मूल परतलं की लगेच बोलणं सुरू करा. मारलं किंवा चावलं तर खेळ तेवढ्यापुरता थांबवा, शांतपणे सांगा, उद्या परत.

हे बिघडतं ते बहुधा दोन जागी. एक, घरातली माणसं ही दहा मिनिटं बक्षीस म्हणून वापरू लागतात: ‘आज दंगा केलास, आज खेळ नाही.’ ज्या दिवशी दंगा जास्त, त्या दिवशी गरज जास्त. ही वेळ वागण्यावर अवलंबून नाही, हेच मुलाला कळायला हवं असतं. दुसरी जागा शेवट. गजर वाजला की एकदम उठून जाऊ नका. दोन मिनिटं आधी सांगा, ‘अजून दोन वेळा गाडी पुलाखालून जाणार, मग आपला वेळ संपणार. उद्या परत.’ आणि उद्या खरंच परत. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून चार दिवस ठरवा. सात दिवसांचं सांगून चार दिवस पाळण्यापेक्षा ते किती तरी बरं.

वादळ आलं तेव्हा

सकाळची वेळ, दाराशी चपला. मूल म्हणतं, ‘मीच घालणार.’ पट्टा लागत नाही. तुम्ही मदतीला हात पुढे करता आणि मूल किंचाळून जमिनीवर लोळतं, चप्पल भिंतीवर आपटते. बाहेर उशीर होतोय.

या क्षणी मुलाच्या मेंदूतला विचार करणारा, थांबवणारा भाग कामावर नसतो. कपाळामागचा हा भाग पुरता पक्व व्हायला विशी उलटून जाते. त्यामुळे समजावणं, कारणं विचारणं, परिणामांची भीती घालणं हे सगळं बंद दुकानाबाहेर उभं राहून हाका मारण्यासारखं आहे. आधी अंग शांत, मग शब्द, मग शिकवण. क्रम उलटा केला की वादळ लांबतं.

पहिलं काम स्वतःचं. एक श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. खांदे खाली. मग गुडघ्यांवर बसा, मुलाच्या समोर नाही, जरा तिरकं, हातभर अंतरावर, हात दिसतील असे. मार खाल्लेल्या मुलाच्या डोक्यावरून अचानक हात गेला तरी ते स्वतःला वाचवायला हात वर करतं. तुम्ही कुरवाळायला जाताय हे त्याला ठाऊक नसतं. ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका. आवाज खालच्या पट्टीत, वाक्य चार-पाच शब्दांचं: ‘पट्टा लागत नाहीये. राग आलाय.’ थांबा. दहा-पंधरा सेकंद काहीही बोलू नका. ते फार लांब वाटतात. मग, ‘मी इथे आहे.’ पुन्हा थांबा.

हद्द सांभाळायचीच आहे. चप्पल तुमच्या अंगावर येत असेल तर ती उचलून बाजूला ठेवा: ‘चप्पल मारायची नाही. मी बाजूला ठेवतोय.’ एवढंच, एकदाच, प्रवचन नाही. मारू लागलं तर हात हळू अडवा, दाबून धरू नका. जवळ घ्यायचं तर विचारा, ‘जवळ येऊ?’ नको म्हणालं तर जिथे आहात तिथेच बसा. खोली सोडून जाऊ नका. एकट्याला कोंडणं हे ज्या मुलाला आधीच कोणीतरी सोडून गेलंय, त्याच्यासाठी शिक्षा राहत नाही, त्याच्या भीतीची खात्री होते.

रागाचे बहुतेक झटके काही मिनिटांत ओसरतात. श्वास लांब होतो, रडण्याचा सूर बदलतो, अंग सैल पडतं. तेव्हा पाणी द्या. दहा-वीस मिनिटांनी, रस्त्यात किंवा संध्याकाळी, एकच गोष्ट शिकवा: ‘पट्टा लागला नाही की म्हणायचं, “मदत.” चल, खोटं खोटं करून बघू.’ दोनदा करून बघा. जबरदस्तीचं ‘सॉरी’ वगळा. त्याऐवजी आपटलेली चप्पल दोघांनी मिळून जागेवर ठेवा.

श्वासाचा खेळ शिकवायचा तो वादळात नाही, निवांत वेळी. हाताची पाच बोटं म्हणजे पाच दिवे. एकेक दिवा हळू फुंकून विझवायचा, विझला की बोट मिटायचं. आठवडाभर रोज एकदा गंमत म्हणून केलं की मग राग चढू लागताना ‘दिवे?’ एवढं विचारणं पुरतं. पूर्ण चढल्यावर विचारलंत तर बोट तुमच्या डोळ्यात येईल.

भावनांना नावं द्यायची ती आधी चारच: राग, भीती, वाईट वाटणं, मजा. ‘तू चिडलायस’ असा निकाल देऊ नका, अंदाज करा: ‘राग आलाय का? की भीती वाटली?’ आणि अंगात कुठे, तेही विचारा. चार वर्षांची मुलं ‘पोटात गोळा आला’, ‘हात गरम झाले’ हे फार नेमकं सांगतात. चारचे आठ शब्द करायची घाई नको.

तुमचा तोल गेला तर

जाणारच. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी तोंड फिरवून रडतं. हा भाग सगळे सांगतात. त्यांच्या कामातला उपयोगाचा भाग वेगळा आहे: चांगल्या, प्रेमळ जोड्यांमध्येसुद्धा आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात ते साधारण ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ चुकामूक आणि परत जुळवणं. मूल जे शिकतं ते या परत जुळवण्यातून. तुटलेलं सांधतं, हा अनुभव शेकडो वेळा घेतल्यावर त्याला धीर येतो.

म्हणून ओरडल्यानंतर काय करता, याला फार महत्त्व आहे. स्वतः शांत झालात की, त्याच दिवशी, मुलाच्या उंचीवर बसून तीन वाक्यं. ‘मी मोठ्याने ओरडले. तुला भीती वाटली असेल. ओरडणं ही माझी चूक, तुझी नाही.’ चौथं हवं तर: ‘पुढच्या वेळी मी आधी पाणी पिऊन येईन.’ यात ‘पण’ येऊ देऊ नका. ‘पण तूही ऐकत नव्हतास’ म्हटलं की माफी संपली. मुलासमोर रडून ‘मी वाईट आई आहे ना’ असंही नको, कारण मग मूलच तुमची समजूत घालू लागतं आणि ते ओझं त्याचं नव्हे. हात उगारला गेला असेल तर माफी पुरत नाही. तसं पुन्हा होऊ नये म्हणून दुसऱ्या मोठ्या माणसाची किंवा समुपदेशकाची मदत लगेच घ्या.

खरं सांगणं

मृत्यू, वेगळं होणं, कोणाला तरी घेऊन जाणं, यांबद्दल मुलाला काहीच न सांगणं हा सगळ्यात वाईट मार्ग. रिकामी जागा मूल स्वतः भरतं, आणि या वयात ते बहुधा स्वतःला दोषी धरून भरतं: मी दूध सांडलं म्हणून बाबा गेले. छोट्या, खऱ्या, ठाम वाक्यांत सांगा. ‘आजोबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झालं नाही.’ ‘मेले’ हा शब्द जिभेवर येत नाही हे खरं, पण ‘झोपले’ म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, ‘लांब गेले’ म्हटलं तर दाराकडे बघत बसतं. कायमचं म्हणजे काय, हे साधारण पाच ते सातच्या दरम्यान उमगतं. तोवर ‘मग उद्या येतील?’ हा प्रश्न चाळीस वेळा येईल. चाळीसही वेळा तेच उत्तर, शक्यतो त्याच शब्दांत. ते ऐकत नव्हतं असं नाही, उत्तर अजून तेच आहे ना, हे ते तपासत असतं.

अपघात पाहिलेलं मूल अपघात खेळतं, दवाखान्यात राहून आलेलं मूल बाहुलीला सुया टोचतं. थांबवू नका. पोटातलं बाहेर काढायची त्याची ती रीत आहे. लक्ष द्यायचं ते खेळाच्या शेवटाकडे. काही दिवसांत खेळ बदलतोय का, कोणी वाचवायला येतंय का, खेळून झाल्यावर अंग सैल होतंय का? आठवडे गेले तरी खेळ जसाच्या तसा, शेवट तोच भयाण आणि मूल आणखी ताठ होत असेल, तर शेजारी बसून हळूच विचारा, ‘आता मदतीला कोण येईल?’ रुग्णवाहिका, वाघ, आत्या, काहीही चालेल. त्यानंतरही अडकलेलंच राहिलं तर तज्ज्ञांकडे न्यायची वेळ झाली.

निरोप

मूल खेळात रमलं की गुपचूप सटकायचं, ही पद्धत थांबवा. त्या दिवशी रडणं वाचतं आणि पुढचे दोन महिने मूल तुमच्यावरून नजर हटवत नाही. दाराशी थांबा, मुलाच्या उंचीवर या, ठरलेली एक खूण करा (तळहाताला तळहात, नाकाला नाक), सांगा की कोण आणि कधी घ्यायला येणार, तेही मुलाला दिसेल अशा भाषेत: ‘झोपून उठलास, खेळलास, की मावशी.’ मग जा. दोन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. तुमच्या रेंगाळण्यावरून मूल ठरवतं की ही जागा धोक्याची आहे. तुमचा रुमाल किंवा जुना दुपट्टा दप्तरात ठेवू द्या. तो धुवू नका, त्याचा उपयोग वासात आहे. शिक्षिकेला एवढंच सांगा: घरात बदल झालाय, मोठ्या आवाजाला घाबरतं, रडलं तर कोपऱ्यात एकटं बसवू नका, दिवसभर शक्यतो एकाच ताईकडे जाऊ द्या. घरची सगळी कहाणी सांगायची गरज नाही.

मुलाने काही सांगितलं तर

कोणी मारलं, कोणी नको तिथे हात लावला, असं मूल बहुधा भलत्याच वेळी सांगतं, अंघोळीत किंवा गाडीत. चेहरा स्थिर ठेवा. हातातलं काम सावकाश खाली ठेवा. म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही.’ उघडे प्रश्न विचारायचे तर एक-दोनच: ‘मग काय झालं?’ नावं, जागा, तपशील तुम्ही पुरवू नका. ‘काकांनी केलं का?’ असा एक प्रश्न पुढे चौकशीत मुलाचंच म्हणणं कमकुवत करतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ज्याचं नाव आलंय त्याला मुलासमोर जाब विचारू नका. मूल बाजूला गेलं की त्याचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तरी बोबडेच, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर किंवा बालसंरक्षण यंत्रणा गाठा.

तज्ज्ञांकडे कधी

मोठ्या घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप, खाणं, चिकटणं बिघडणं हे अपेक्षित असतं. एका महिन्यानंतरही उतार दिसत नसेल तर थांबू नका. आलेलं बोलणं गेलं, वजन घटलं, स्वतःला मारून घेतंय, रोज किंचाळत उठतंय, झटके दर वेळी पंचवीस-तीस मिनिटांवर जातायत, लैंगिक स्वरूपाचा खेळ खेळतंय, किंवा कुठल्याच मोठ्या माणसाकडे आधाराला जात नाही, यांतलं काही असेल तर महिन्याचीही वाट पाहू नका.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या. एका ओळीत वेळ, आधी काय झालं, किती मिनिटं चाललं, कशाने शांत झालं. ‘फार त्रास देतो’ या वाक्यापेक्षा ही चौदा पानं शंभरपट उपयोगी. या वयात उपचार म्हणजे मुलाला आत पाठवून पालकांनी बाहेर बसणं नव्हे. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तपासून पाहिलेल्या पद्धती, उदाहरणार्थ चाइल्ड-पॅरेंट सायकोथेरपी किंवा पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊनच चालतात. वर सांगितलेला दहा मिनिटांचा खेळ या दुसऱ्या पद्धतीतल्या रोजच्या पाच मिनिटांच्या खेळाच्याच जातीचा आहे. तुम्हाला कधीच आत न बोलावणाऱ्या तज्ज्ञाला कारण विचारा.

‘आता उशीर झाला का?’ हा प्रश्न मूल दत्तक घेतलेली किंवा दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळणारी कुटुंबं हमखास विचारतात. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथ मुलांच्या संस्थांमधल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी काढून कुटुंबांत ठेवलं गेलं. जी मुलं साधारण दोन वर्षांच्या आत घरात आली, त्यांना जास्त फायदा झाला. पण उशिरा आलेलीही संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा बऱ्याच बाबतींत पुढे गेली. लवकर केलेलं जास्त फळतं, आणि उशिरा केलेलं वाया जात नाही.

सुधारणा कशी दिसते

रडणं थांबलं की बरं झालं, असं मोजू नका. क्रम साधारण असा असतो: आधी झटक्यांची संख्या तीच राहते, पण शांत व्हायला लागणारा वेळ कमी होतो. मग मूल झटक्यानंतर स्वतःहून जवळ येतं. मग झटक्याच्या आधी येतं. संख्या घटते ती सगळ्यात शेवटी. मधे एकदा सगळं परत पहिल्यावर गेल्यासारखं वाटेल, विशेषतः आजारपणात, घर बदलताना, घटनेची तारीख जवळ आली की. तेव्हा नवीन काही शोधू नका. झोपेचा क्रम आणि दहा मिनिटं, एवढंच दोन आठवडे घट्ट धरा.

गोठून बसलेल्या मुलाच्या बाबतीत तर खूण उलटीच असते. महिनोन्महिने मुकाट ऐकणारं मूल एक दिवस चप्पल भिरकावतं आणि तुमच्या तोंडावर ‘नाही घालणार’ म्हणतं. ‘बिघडला’ म्हणून फोन करणारे पालक बहुधा याच दिवशी करतात. त्या दिवसाची तारीख वहीत लिहा, झटका किती मिनिटं चालला ते लिहा, आणि शेजारी लिहा: आज पहिल्यांदा नाही म्हणाला.